सुनंदाला घेऊन या

"ये सुनंदा कौन है, अम्मा? इनको लेके आओ," असं ब्यूटीच्या शाळांना परवाने देणाऱ्या मंडळाच्या तपासणी अधिकाऱ्यानं त्रिवेणी उदगीरकरला सांगितलं, तेव्हा सुनंदा त्याच्या समोरच, हातभर अंतरावर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली होती.

"मैंच सुनंदा," त्रिवेणी म्हणाली.

अधिकाऱ्यानं एका हातात तिचं आधारकार्ड धरलं आणि दुसऱ्या हातात तिचं प्रमाणपत्र. आधारवर त्रिवेणी दिलीप उदगीरकर. प्रमाणपत्रावर कुमारी सुनंदा आबासाहेब देगलूरकर, सौंदर्यशास्त्र पदविका, प्रथम श्रेणी, सन १९८७. त्यानं दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि वर्गातल्या ढ मुलीला समजवावं तसं तिला समजावलं. लग्नानंतर आडनाव बदलतं हे त्याला माहीत होतं. त्याच्या बायकोचंही बदललं होतं. पण नाव? नाव कसं बदलेल? नाव तर माणसाचं असतं.

"हमारे में बदलते," त्रिवेणी म्हणाली. "शादी के दिन. ससुरालवाले नया नाम रखते."

"कायकू?"

अठ्ठावन्न वर्षांची बाई, चोवीस वर्षं शाळा चालवणारी, चारशेच्या वर मुलींना हाताला धरून कामाला लावणारी, आणि एका तेलुगू अधिकाऱ्याच्या साध्या प्रश्नावर अडली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या पेनाचा राग आला, त्याच्या टेबलावरच्या काचेचा राग आला, काचेखालच्या देवाच्या फोटोचासुद्धा राग आला. तिनं कागद ओढून घेतले आणि "कल आती मैं" म्हणून जिना उतरली. उतरताना तिला ते 'कायकू' पुन्हा ऐकू येत होतं.

दिलसुखनगरच्या मुख्य रस्त्यावरून आत वळलं की खाली साड्यांचं दुकान, वर इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास, आणि मधल्या मजल्यावर 'त्रिवेणी ब्यूटी ट्रेनिंग सेंटर'. मलकपेठच्या घरात, समोरच्या खोलीत, एका खुर्चीवर तिनं सुरुवात केली होती. सासूबाई, म्हणजे इंदुताई, तेव्हा आल्यागेल्याला सांगायच्या, "सुनेनं न्हाव्याचा धंदा काढलाय." पुढं त्याच सुनेच्या पैशांतून घराला दुसरा मजला चढला, तेव्हा त्या म्हणायला लागल्या, "आमच्या त्रिवेणीचं कॉलेज आहे." बाई आता पंच्याऐंशीच्या आहेत आणि दोन्ही वाक्यं त्यांना तितकीच खरी वाटतात.

कायद्याचं नाव काढलं की धंद्यातले लोक नाक मुरडतात. त्रिवेणीला मात्र कायदा हवा होता. कायदा यावा म्हणून तिनं चार वर्षं अर्ज केले होते, कारण गल्लोगल्ली सात दिवसांत ब्यूटीशियन बनवून देणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. सात दिवस! सात दिवसांत तिच्याकडे मुलगी दोरा नीट धरायलासुद्धा शिकत नसे; पहिले पंधरा दिवस ती स्वतःच्याच पायावर थ्रेडिंग करायची, पोटरी लालभडक होईपर्यंत, म्हणजे दुसऱ्याच्या भुवईला हात लावताना भान राहतं. अशाच एका सात दिवसवालीनं ब्लीच लावून एका नवरीचा गाल लग्नाच्या आदल्या दिवशी भाजून काढला होता. ती पोरगी तोंडाला ओढणी बांधून त्रिवेणीकडे आली होती. "चेहरा म्हणजे काय भिंत आहे का, चुना फासायला?" असं त्रिवेणी त्या दिवशी कुणाला उद्देशून ओरडली, ते कुणालाच कळलं नाही, पण वरच्या क्लासमधली पोरं जिन्यात थबकली होती.

म्हणून गेल्या वर्षी नियम आले तेव्हा सगळ्या दिलसुखनगरात पेढे वाटले ते तिनं एकटीनं. नियमांची पुस्तिका तिनं पोथीसारखी वाचली. एका विद्यार्थिनीमागे तीस चौरस फूट जागा हवी, तर तिनं येणाऱ्यांसाठीचा सोफा विकला आणि मधली लाकडी भिंत काढली. बाहेर पडायला दुसरा रस्ता हवा, तर घरमालकाशी तीन महिने भांडून मागच्या बाजूनं लोखंडी जिना चढवला आणि अग्निशमनवाल्यांचा दाखला मिळवला. महापालिकेचा व्यवसाय परवाना होताच. केस धुण्याच्या प्रत्येक बेसिनला गरम पाणी आलं, अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र आलं, कोणत्या गिऱ्हाइकाच्या कानामागे कधी ब्लीच लावून त्रास होतो का ते पाहिलं त्याची वही आली, फीचा तक्ता दारावर लागला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हजेरी. परीक्षेला बसायचं तर सहाशे तास भरले पाहिजेत, येताना सही, जाताना सही, आणि शाळेला परवाना नसेल तर त्या तासांची किंमत शून्य. जुन्या शाळांना ३१ मार्चपर्यंत मुदत होती.

पुस्तिकेतली शेवटची अट अशी की मुख्य प्रशिक्षिकेकडे मान्य पदविका आणि शिकवण्याचा पाच वर्षांचा अनुभव हवा. ही अट वाचून त्रिवेणी हसली होती. बाकी सगळ्यासाठी पायपीट केली, ही तर घरच्या कपाटात होती.

आता मार्चची नऊ तारीख होती. वहीत एकवीस मुलींचे तास भरत आले होते. त्यांतली राणी सकाळी चार घरची धुणीभांडी करून यायची. पोराला टायफॉइड झाला तेव्हा बुडालेले तास तिनं सात रविवार येऊन भरून काढले होते. परवाना नाही मिळाला तर राणीला पुन्हा पहिल्या तासापासून सुरुवात करायची होती. ती करणार नव्हती. धुण्याभांड्याकडे कायमची परत जाणार होती, आणि तिच्यासारख्या आणखी दहाजणी. हे त्रिवेणीला पक्कं ठाऊक होतं, म्हणून बसमध्ये मलकपेठ येईपर्यंत ती ते दोन्ही कागद पुन्हा पुन्हा काढून पाहत राहिली.

घरी नवरा पेपर वाचत बसला होता. दिलीपराव कोषागारातून निवृत्त झालेले, चौतीस वर्षं कागदात काढलेली, आणि आपल्या हातचा कागद कधी परत आला नाही याचा भारी अभिमान. त्रिवेणीनं प्रमाणपत्र त्यांच्या पेपरावर आपटलं.

"तो विचारायलाय, सुनंदा कोण. सांगा आता. कोण ही?"

दिलीपरावांनी प्रमाणपत्र उलटून पाहिलं. "तूच की."

"मला माहीत आहे मीच! कागदावर कुठं लिहिलंय ते दाखवा!"

तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं, आणि त्याला जबाबदार हेच होते. १९८८ साली लग्नाच्या मांडवात ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहिलं होतं. तिला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं. स्वतःचं नाव तिला कळलं ते ताटावर वाकून वाचल्यावर, तेही उलट्या बाजूनं. बायका "छान आहे, छान आहे" म्हणाल्या, तिनंही मान हलवली, फोटोग्राफरनं तेवढ्यात फोटो काढला. नाव का बदललं, तर दिलीपरावांच्या धाकट्या बहिणीचं नाव सुनंदा. एका घरात दोन सुनंदा कशा चालतील? हाक मारली तर कोणी यायचं? हा इंदुताईंचा युक्तिवाद, आणि तो सगळ्यांना पटला होता. आठच महिन्यांत त्या नणंदेचं लग्न झालं, ती नांदेडला गेली, आणि तिच्या सासरच्यांनी तिचं नाव विमल ठेवलं. म्हणजे ज्या घरात दोन सुनंदा मावत नव्हत्या, त्या घरात पुढची छत्तीस वर्षं एकही नव्हती. हे गणित इतक्या वर्षांत कुणी मांडलं नव्हतं. त्रिवेणीनं ते त्या दुपारी मोठ्यानं मांडलं.

"मला काय ठाऊक, तू शाळा काढशील म्हणून?" इंदुताई कॉटवरून म्हणाल्या. "आमच्या वेळी सगळ्यांचीच बदलायची. माझं काय इंदू होतं का?"

"काय होतं?"

इंदुताईंनी जरा आठवून पाहिलं आणि मग "राहू दे, चहा टाक" म्हणाल्या.

लग्नानंतर दिलीपरावांनी कोषागारी शिस्तीत सगळं नवं करून घेतलं होतं. रेशनकार्ड, मतदार यादी, बँक, पुढं आधार. चौऱ्याण्णव साली लग्नाची नोंदणी केली तीही नव्या नावानंच, जुन्याचा उल्लेखसुद्धा नाही. "आणि माझं सर्टिफिकेट?" असं तिनं तेव्हा विचारलं होतं. "ते असू दे. तुला कुठं नोकरी करायचीय?" हे त्यांचं उत्तर तिला शब्दान् शब्द आठवत होतं. दिलीपरावांना आठवत नव्हतं. बोलणाऱ्याला कधीच आठवत नाही.

"त्या वेळची रीत होती, त्रिवेणी. मी एकट्यानं काढली का?"

"नाव तुम्ही एकट्यानं लिहिलंत. तुमच्याच हातात अंगठी होती."

मग सुरू झाली ती पळापळ. मलकपेठेतच हर्षवर्धन नावाचा तरुण वकील होता, तीन पिढ्यांचं वकिलीचं घर, त्रिवेणीला मावशी म्हणायचा. त्यानं प्रतिज्ञापत्र करून दिलं की सुनंदा आणि त्रिवेणी या दोन नसून एकच व्यक्ती आहेत. मंडळाच्या अधिकाऱ्यानं ते वाचलं. "ये कौन बोलरा कि आप सुनंदा है?" त्यानं विचारलं. "आपीच बोलरे ना? उससे क्या होता?" तिनं माहेरच्या शेजाऱ्याचं पत्र नेलं, शेजारी सरकारी नोकरीत नव्हता म्हणून चाललं नाही. ज्या संस्थेत शिकली तिथं गेली; सत्त्याऐंशीची पटावरची वही वाळवीनं खाल्ली होती. लग्नाचा तो तांदळाच्या ताटाचा फोटो होता, तोही नेला. अधिकाऱ्यानं फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. तांदळात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. मराठी त्याला येतही नव्हती. "अच्छी फोटो है, अम्मा," तो म्हणाला. तिला रडू यायच्या ऐवजी हसू आलं, आणि त्या हसण्याचाही तिला राग आला. हर्षवर्धन म्हणाला, पक्का उपाय एकच, राजपत्रात नाव छापून आणायचं. पण छापून हातात यायला दोन महिने लागतात. मार्च तर सरत आला होता.

या सगळ्या दिवसांत ती वर्गात नेहमीसारखी उभी राहत होती. मुलींना काही सांगितलं नव्हतं. एका दुपारी राणीनं फेशियल करताना गालावरून हात खालून वर न नेता वरून खाली नेला, आणि त्रिवेणी तिच्यावर अशी कडाडली की खुर्चीतलं गिऱ्हाईक उठून बसलं. "सहाशे तास झाले तरी एवढं कळत नाही? परीक्षेत काय करशील?" राणीनं खालमानेनं हात सुधारला. परीक्षा होणारच नसेल तर आपण हिला कोणत्या तोंडानं रागावतोय, असं मनात येऊन त्रिवेणी बाहेर त्या लोखंडी जिन्यावर जाऊन उभी राहिली.

सव्वीस तारखेला सकाळी मंडळातून फोन आला. नवीन मुख्य प्रशिक्षिकेचे कागद आजच्या आज पाठवा.

"कौन नवीन?"

"कविता मॅडम. आपका लेटर आया ना परसों."

पत्र तिनं पाठवलं नव्हतं. तिच्या शाळेच्या लेटरहेडवर, तिच्याच शिक्क्यानं, मालक या नात्यानं ते दिलीपरावांनी पाठवलं होतं. मलकपेठचं घर दोघांच्या नावावर, शाळेची जागाही भाड्यानं दोघांच्या नावावर, त्यामुळं मंडळाच्या दृष्टीनं तेही मालकच. पत्रात म्हटलं होतं की यापुढं संस्थेच्या मुख्य प्रशिक्षिका म्हणून सौ. कविता पराग उदगीरकर काम पाहतील.

कविता ही त्यांची सून. अकरा वर्षांपूर्वी घरात आली, येताना सौंदर्यशास्त्राची पदविका घेऊनच आली; ते स्थळ पसंत पडायचं कारणही तेच होतं. मुलगा पराग कंपनीच्या कामासाठी महिन्यातले वीस दिवस पुण्यात, आणि कविता रोज दुपारी शाळेत नखांचं आणि त्वचेचं काम शिकवायची. कमी बोलायची. त्रिवेणीला ती कमी बोलते याचं कौतुक होतं.

त्रिवेणी शाळेतून तशीच घरी आली, चपला न काढता आत गेली.

"नाव पुसलंत ते पुसलंत, आता कामही पुसायलाव का माझं?"

"पुसायचं काय त्यात?" दिलीपरावांनी हात वर केले. "कागदावरच आहे ना? खुर्चीत तूच बसणार. पोरींचे तास वाचतील. तूच रडत होतीस ना राणी, राणी म्हणून?"

"कागदावरच म्हणे! जन्मभर कागदावरच बसलात ना तुम्ही? मग कागदावर नसलेल्या माणसाचं काय होतं ते ठाऊक नाही तुम्हाला? उद्या शिकवायला उभी राहिले अन् तपासणी आली तर मी कोण? झाडूवाली? चोवीस वर्षं मी उभी केलेली शाळा अन् मी तिथं झाडूवाली!"

"आवाज कमी कर. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे. त्यांना तरी माझं नाव कळेल!"

इंदुताई कॉटवर उठून बसल्या होत्या. दिलीपराव, आपण एवढं शहाणपणाचं काम केलं आणि ही बाई अंगावर येते, अशा चेहऱ्यानं भिंतीकडे पाहत होते. त्यांची लबाडी नव्हती, हेच जास्त चीड आणणारं होतं. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण मदत केली. छत्तीस वर्षांपूर्वीही त्यांना असंच मनापासून वाटलं असणार.

स्वयंपाकघराच्या दारात कविता केव्हा येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नाही. तिच्या हातात एक निळी फाइल होती.

"बाबा, माझं नाव देऊन काही उपयोग नाही," ती म्हणाली.

तिनं फाइल उघडून टेबलावर ठेवली. पदविका, सन २०११. कुमारी वंदना कंधारकर.

दिलीपरावांनी कागद पाहिला, कपाळाला हात लावला. "अरे हो," ते म्हणाले. लग्नानंतर पंधरा दिवसांत कविताचंही आधार, बँक, सगळं नव्या नावानं त्यांनीच करून दिलं होतं, एक दिवसही न दवडता.

"ही वंदना होती होय?" इंदुताई म्हणाल्या. त्या खरंच विसरल्या होत्या.

त्रिवेणी विसरली नव्हती. नाव तिनंच ठेवलं होतं. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर तिनं तीन नावं लिहून काढली होती, रेवती, मीरा, कविता, आणि चार दिवस ती नावं मनातल्या मनात परागच्या नावाला जोडून पाहत होती. नवीन साडी निवडावी तसं. सासू झाल्याचं सुख म्हणतात ते तिला त्या चार दिवसांत मिळालं होतं. या पंधरावीस दिवसांत नावावरून तिनं घर डोक्यावर घेतलं, नवऱ्याला बोलली, पंच्याऐंशी वर्षांच्या सासूला बोलली, आणि या सगळ्या वेळात कविता चहाचे कप उचलत होती. एकदाही तिच्या मनात आलं नाही. आलं नाही, की येऊ दिलं नाही, हे तिला आता ठरवता येईना.

तिनं फोन उचलला आणि मंडळाच्या अधिकाऱ्याला लावला. परवाचं पत्र रद्द समजा, मुख्य प्रशिक्षिका मीच, आणि माझं नाव राजपत्रात छापायला दोन महिने लागणार असतील तर माझ्या एकवीस मुलींनी तोवर काय करायचं ते तुम्हीच सांगा, असं ती एका दमात म्हणाली. तिचा आवाज इतका चढला होता की पलीकडच्या माणसानं फोन कानापासून लांब धरला असावा.

"राजपत्रके अर्जीकी रसीद लाए तोबी चलता, अम्मा," तो म्हणाला. "नब्बे दिनका टाइम देते उसपे."

"ये पहले कायकू नै बोले?"

"आप पूछेच नै."

फोन ठेवल्यावर तिनं त्या माणसाला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. इंदुताईंनी कानांवर हात ठेवले, पण बोटं जरा फटीत ठेवली.

मुलींचं काय झालं ते आधीच सांगून टाकावं, म्हणजे उगीच जीव टांगणीला राहायला नको. पावती एकोणतीस तारखेला मंडळात पोचली, परवाना तात्पुरता का होईना पण त्रिवेणीच्याच नावानं मिळाला, आणि एप्रिलमध्ये एकवीसच्या एकवीस मुली परीक्षेला बसल्या. राणी दुसऱ्या श्रेणीत पास झाली. अधिकाऱ्याला कुणी पेढा दिला नाही.

पण सांगायचं ते अर्ज भरला त्या सकाळचं. सत्तावीस तारखेला त्रिवेणी हर्षवर्धनच्या ऑफिसात गेली ती कविताला घेऊन. "तुझाही अर्ज करून टाकू," एवढंच ती घरातून निघताना म्हणाली होती, आणि कविता "हौ" म्हणून फाइल घेऊन रिक्षात बसली होती. रिक्षात दोघी दोन बाजूंनी बाहेर पाहत राहिल्या.

हर्षवर्धननं आधी त्रिवेणीचा फॉर्म घेतला. आधीचं नाव सुनंदा, नंतरचं त्रिवेणी. पुढं कोणतं ठेवायचं?

"त्रिवेणीच राहू दे," ती म्हणाली. "चारशे पोरींच्या तोंडी तेच आहे. पण सुनंदा छापून आली पाहिजे. ठसठशीत."

"आणि बदलाचं कारण? विवाह लिहितो."

"विवाहानं आडनाव बदललं. नाव बदललं ते घरात त्याच नावाची नणंद होती म्हणून. तेच लिही."

"मावशी, असं कुणी लिहीत नाही."

"मी लिहायलेय ना."

त्यानं लिहिलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि अशी सही केली की कागद मागून फुगला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

मग कविताचा फॉर्म. हर्षवर्धननं विचारलं, वहिनी, तुम्हाला पुढं कोणतं नाव ठेवायचंय? कवितानं क्षणाचाही विचार केला नाही.

"वंदना."

त्रिवेणीनं वळून तिच्याकडे पाहिलं. कविता फॉर्मकडे पाहत होती.

"ठीक. म्हणजे आता कविताची परत वंदना," हर्षवर्धन लिहिता लिहिता म्हणाला. "पण मधे वंदनाची कविता कशामुळं झाली तेही द्यावं लागतं. तुमच्याकडेही त्याच नावाची नणंद होती का?"

"नणंदच नाही मला. पराग एकटेच आहेत."

"मग घरात दुसरी कुणी वंदना? जाऊबाई, चुलतसासू?"

"कुणीच नाही."

"मग कारण काय लिहू?"

हर्षवर्धननं तिच्याकडून त्रिवेणीकडे पाहिलं. नणंदेचं कारण, ज्यावर ती आत्ताच दात ओठ खाऊन सही करून बसली होती, तेवढंसुद्धा कारण तिच्याजवळ नव्हतं. ती इतके दिवस संतापलेली होती, अधिकाऱ्यावर, नवऱ्यावर, म्हातारीवर. तो संताप अजून तसाच होता, पण टाकायला आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"रीत लिहितो," हर्षवर्धन सावरून घेत म्हणाला. "समाजाची रीत. चालून जातं ते."

"रीत लिहू नका," कविता म्हणाली. तिचा आवाज नेहमीइतकाच हळू होता. "लग्नाच्या आधी मी फोन केला होता यांना. विचारलं होतं, नाही बदललं तर चालेल का. नाही म्हणाल्या. सवय होते म्हणाल्या."

हर्षवर्धननं पेन खाली ठेवलं. त्रिवेणीला तो फोन आठवला. हॉलमध्ये उभी राहून घेतला होता, हातात ती पत्रिका होती, आणि पलीकडून एक चोवीस वर्षांची पोरगी घाबरत घाबरत विचारत होती. सवय होते ग, असं ती म्हणाली होती. गोड आवाजात म्हणाली होती. स्वतःला तोवरच्या पंचवीस वर्षांत सवय झाली नव्हती, तरी म्हणाली होती.

"उचल पेन," ती हर्षवर्धनला म्हणाली. "लिही, कारण काही नव्हतं. सासूला वाटलं म्हणून."

"मावशी..."

"लिही म्हणते ना! अन् खाली माझी सही घे. ही कशाला करेल त्याच्यावर सही?"